राजेसाहेबांची अर्धी मिशी आणि तीन गवई

वैशाख वद्य चतुर्थी, मंगळवार. सकाळपासून कडक ऊन, वारा अजिबात नाही, दुपारनंतर पश्चिमेला थोडे ढग.

त्या सकाळी कुसुंबगडच्या तुळाजीराजांची डावी मिशी गेली. दाढी करता करता रखमाजी न्हावी त्र्यंबकबुवांची तान कशी वळते ते वस्तऱ्याने हवेत दाखवत होता, आणि ती तान राजांच्या ओठावरून गेली!

"बस्स!" राजे ओरडले. "आजच्या आज हा वाद संपला पाहिजे!"

वाद जुना होता. दरबारात तीन गवई. ख्याल गाणारे दिलावर खाँसाहेब, धृपद गाणारे त्र्यंबकबुवा आणि इटलीहून आलेली, ऑपेरा गाणारी तेरेझाबाई. श्रेष्ठ कोण, यावरून गावाचे तीन तट पडले होते. खाँसाहेबांच्या तटातला गवळी बुवांच्या तटाला दूध घालत नसे. तेरेझाबाई पहिल्यांदा गायली तेव्हा कोणीतरी संकटात आहे असं समजून पहारेकरी भाले घेऊन धावले होते. आता तेच तिच्या तटात होते.

दुपारी तिघांना दरबारात बोलावलं.

"बुवा गातात की दगड फोडतात, हेच समजत नाही," खाँसाहेब म्हणाले.

"आणि तुम्ही? सम यायची वेळ झाली की तिला चुकवून गावभर फिरता!" बुवा उसळले. "ही बाई तर उभ्याने गाते. गाणं आहे की लढाई?"

"बसून झोप येते!" तेरेझाबाई म्हणाली. "तुमचं ऐकताना तर फार येते!"

"पुरे!" राजांनी उरलेली मिशी पिळली. "गावात कोणत्याच तटात नसलेलं एकही माणूस नाही का?"

एकच होतं. तंबोरे दुरुस्त करणारी भिवरा. मैफलीत गवयांच्या मागे बसून तंबोरा छेडण्याचं कामही तिचंच. गेली तीस वर्षं तिने सगळं गाणं गवयांच्या पाठीमागून ऐकलं होतं.

"भिवरे, या गवयांचा क्रम लाव," राजे म्हणाले. "जो शेवटचा ठरेल त्याने सूर्यास्ताआधी वेस ओलांडायची. क्रम लागला नाही, तर तू ओलांडायचीस!"

"महाराज, माझं घर इथं, तंबोरे इथं. मी कुठं जाऊ?"

"ते तू बघ. दिलेला हुकूम मी मागे घेत नाही!"

भिवराने घटकाभर विचार केला. "महाराज, यांच्यातला एकही दुसऱ्याला तोंडाने मोठं म्हणायचा नाही. तेव्हा आधी तोंडं बंद करू या. एकाने गायचं, बाकीच्यांनी तोंडात पाणी धरून बसायचं. ज्याच्या गाण्याला कोणाचंच पाणी सांडणार नाही, तो शेवटचा."

"एवढंच?" तिघेही हसले. "यांच्या गाण्याला थेंबसुद्धा सांडणार नाही!"

पाण्याने भरलेली फुलपात्रं आली. खाँसाहेबांनी भीमपलास धरला. बुवा गाल फुगवून छताकडे पाहत बसले. पण खाँसाहेब तिरपे तिरपे जात अचानक समेवर आले, आणि "आहाहा!" बुवांच्या तोंडातलं सगळं पाणी तबलजीवर! पाठोपाठ तेरेझाबाईने "ब्राव्हो!" म्हणून दिवाणजींची पगडी भिजवली.

मग बुवांनी आलाप सुरू केला. पहिल्याच षड्जाला खाँसाहेबांचे डोळे भरून आले. "क्या बात है, बुवा!" पाणी गालिच्यावर. तेरेझाबाईचंही तिथंच.

शेवटी तेरेझाबाई उभी राहिली. तिने एक सूर असा लांबवला की खाँसाहेब बोटांवर मात्रा मोजू लागले, बुवा खांबाला धरून उठले, आणि दोघांनी एकाच वेळी समोरच्या मानकऱ्यांना आंघोळ घातली. एकूण सहा वेळा पाणी सांडलं. तिघांनाही सारखीच दाद!

"म्हणजे क्रम लागला नाही!" राजे म्हणाले. "भिवरे, बोचकं बांध!"

"महाराज, एक गवई अजून राहिलाय."

"कोण?"

"आपण. रोज स्नानाच्या वेळी गाता, सगळा वाडा वाहवा करतो. आपल्याला वगळून क्रम कसा लावू?"

राजांची कळी खुलली. "खरंच की!" त्यांनी घसा साफ केला. तिघा गवयांनी पुन्हा तोंडात पाणी घेतलं.

राजे गाऊ लागले.

"वाहवा! वाहवा!" दिवाणजी ओरडले.

"दिवाणजी, तुम्हीही एक घोट घ्या ना," भिवराने फुलपात्र पुढे केलं.

दिवाणजींनी घोट घेतला. दरबार शांत झाला. राजे गात राहिले. खाँसाहेब जोडे शोधू लागले. बुवांनी डोळे मिटून जप धरला. तेरेझाबाई तोंडातल्या पाण्यासकट झोपली. गाणं संपलं तेव्हा गालिच्यावर नवा थेंब नव्हता.

"सांग आता, काय ठरलं?" राजांनी विचारलं.

"ठरलं, महाराज! पहिला कोण ते देवालाही ठरवता यायचं नाही. शेवटचा मात्र ठरला." भिवराने हात जोडले. "सूर्य मावळायला घटकाभर आहे. पूर्वेची वेस उघडायला सांगू, की पश्चिमेची?"

दिवाणजींनी घोट गिळला. राजांची अर्धी मिशी थरथरली, मग पोट हलू लागलं, आणि राजे इतके हसले की सिंहासनाचा हात धरून खाली बसले. "पश्चिमेची सांग! ऊन पाठीवर नको. आणि भिवरे, परत येऊ नये असं हुकमात कुठं म्हटलंय?"

"कुठंच नाही, महाराज!"

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं आणि नदीकाठचं घर तिच्या नावे केलं. मग ते पश्चिमेच्या वेशीतून बाहेर पडले, चौदा पावलं चालले आणि सूर्यास्ताआधी परत आले. तिन्ही गवई कुसुंबगडातच राहिले.