यमाचा मुराळी

फार वर्षं झाली. धामणखोऱ्याच्या खिंडीतून तेव्हा बैलगाडीसुद्धा जात नव्हती, पायवाट तेवढी होती. त्या वाटेनं एक म्हातारा खांद्यावर लुगडं टाकून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन चालायचा. तो ज्या घरापुढे उभा राही, त्या घरातलं कुणीतरी मरे, असं म्हणतात. त्याचं नाव गेनबा. पण आधी त्याच्या बहिणीचं सांगायला हवं.

बहीण ठकूबाई, करंजओढ्याला दिलेली. खळ्यावर मळणी चालली की कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात कुसळ जायचं. ठकूबाई त्याचं डोकं मांडीवर घ्यायची आणि जिभेच्या शेंड्यानं कुसळ अलगद काढायची. तिच्या हातून कुणाचा डोळा गेला नाही, असं म्हणतात. फक्त शेजारची येसू तिच्यानं बरी झाली नाही. पोर गोवरातून उठली आणि दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. फूल काही जिभेनं निघत नाही.

तालुक्याहून डोळ्यांचा डॉक्टर आला. त्यानं पोरीला उजेडात धरून पाहिलं. म्हणाला, बुबुळावरची काच पांढरी झाली आहे. मेलेल्या माणसाची स्वच्छ काच मिळाली तर बसवून पाहता येईल. पण माणूस गेल्यावर लगेच काढावी लागते. सकाळी गेलं तर ऊन डोक्यावर यायच्या आत.

ठकूबाई म्हणाली, "मग माझी घ्या की. मी अजून सुई ओवते."

बाया घाबरल्या. असं केलं तर पुढच्या जन्मी आंधळी जन्मशील, म्हणाल्या. ठकूबाई हसली. "पुढच्या जन्माचं पुढच्या जन्मी बघू. डोळे नसले तर चाचपून बघू."

आणि त्याच वर्षी, सुगी संपता संपता, एका पहाटे ती गेली.

तिच्या मुलानं एक माणूस डॉक्टरकडे धाडला, एक मामाकडे, गेनबाकडे. डॉक्टर दिवस वर यायच्या आत आला. येसूच्या आईनं पोरीची वेणी घातली, धुतलेलं परकर-पोलकं घातलं आणि तिला पायरीवर आणून बसवलं. पण जाणती माणसं दारात आडवी आली. बाईमाणूस गेलं की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय परक्यानं हात लावायचा नाही, ही रीत. डॉक्टर म्हणाला, निदान पापण्या मिटू द्या, ओला कापूस ठेवू द्या. नाही म्हणाले. भाऊ येऊ दे. बाई अर्ध्या उघड्या डोळ्यांनी पडून राहिली, आणि वाऱ्यानं डोळे कोरडे पडत होते.

इकडे गेनबाला सांगावा पोचला होता. डोळ्यांचं त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याला एकच ठाऊक, की आपल्या बायकोच्या एका टोचऱ्या शब्दावरून बहीण रुसली आणि त्यानं तिला कित्येक वर्षं माहेरी आणलं नाही. घरात बायकोचं कोरं लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं. त्यानं हात लावला आणि परत ठेवलं. लोक म्हणतील, जिवंतपणी विचारलं नाही आणि मेल्यावर घरातलं उचलून आणलं. तो आडवाटेनं बाजाराच्या गावाला गेला, दुकान उघडायची वाट बघत बसला, आणि चांगलं इरकली, हिरवंगार, रुंद काठाचं निवडून घेतलं. वाटेत रडत आला. बहीण डोळे भरून बघेल, असंच त्याच्या मनात येत होतं.

तो पोचला तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या. त्यानं लुगडं पांघरलं. डॉक्टरनं वाकून पाहिलं, पापण्या मिटल्या आणि पिशवी उचलली. बाया आपसात बोलल्या, तेव्हा गेनबाला कळलं, की डोळे येसूला द्यायचे होते आणि त्याची वाट बघण्यात ते वाया गेले.

येसू चाचपत पुढे आली. तिनं काठावरून बोटं फिरवली.

"मामा, कसल्या रंगाचं आणलं?"

"हिरवं."

"हिरवं म्हंजे कसं?"

पोर पुढं दोन उन्हाळे जगली आणि तापात गेली. फूल तसंच घेऊन गेली.

त्यानंतर गेनबा घरी राहिला नाही. कुठंही बाई गेली, तर रडणं ऐकू यायच्या आधी हा दारात उभा. ओढ्याला पूर असला तरी याचं धोतर गुडघ्यापर्यंतच भिजे, असं म्हणतात. आत जाई, तांब्यातल्या पाण्यानं फडकं भिजवून मिटल्या पापण्यांवर ठेवी, खांद्यावरचं लुगडं पांघरी आणि म्हणे, "मी हिचा भाऊ. माहेर आलं. आता डॉक्टरला बोलवा, आत येऊ द्या." मेलेल्या बाईला भाऊ नाही म्हणायचं धाडस कुणाला होईल? लोक बाजूला होत. आणि कितीही लुगडी दिली तरी खांद्यावर एक उरलेलंच असायचं, असं म्हणतात.

पण सासुरवाशिणीला न्यायला येतो तो मुराळी. गेनबाला लोक म्हणू लागले, यमाचा मुराळी. घरात कुणी आजारी असलं की त्याला बघून कवाडं लागत. पोरं ढेकळं मारत. कुणी कुत्रं सोडी. किती जणांना दृष्टी आली? कुणी शंभर म्हणतं, कुणी चारच म्हणतं. पण ज्यांना दिसायला लागलं, त्यांनीही तो अंगणात दिसल्यावर दार लावून घेतलं. हे मात्र सगळे सांगतात.

त्याचा जीव गेला खिंडीत, भर उन्हात, खैराच्या झाडाला टेकून. गुराख्यांनी लांबून पाहिलं. त्यांना वाटलं, कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसलाय. कुणी जवळ गेलं नाही. गेले तेव्हा डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. तांब्यात पाणी होतं.

आता त्या खोऱ्यात कुणीही मेलं, बाई असो की बाप्या, की आधी पंखा बंद करतात आणि पापण्या मिटून ओलं फडकं ठेवतात. त्याला मामाचं पाणी म्हणतात. डॉक्टरला निरोप जातो. बाई असेल तर देवळातल्या पेटीतलं एक लुगडं शेजारचा बाप्या आणून पांघरतो, ते मामाचं लुगडं. खऱ्या माहेरचं मागाहून येतं, वरून पडतं. कुणी अडून बसत नाही. गळा काढायच्या आधी म्हाताऱ्या विचारतात, मामाचं पाणी ठेवलं का?

पण घरात कुणी दुखणाईत असलं तर गेनबाचं नाव अजूनही कुणी काढत नाही. चुकून एखाद्या पोराच्या तोंडून गेलंच, तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते आणि उठून कवाड लावते.