नरहरीने जिभेला लावलेला कागद

एका तालुक्याच्या गावी नरहरी नावाचा एक भोळा होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. नोकरी पक्की, लग्न मात्र जमेना. आई काळजीने तंबाखू-चुना मळत बसायची.

एकदा त्याने सांडलेलं आम्ल रुमालाने पुसलं. रुमालाची चाळण झाली. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या केळुसकर मॅडम दचकून ओरडल्या, "अरे, आम्लावर सोडा टाकतात! दोघं एकमेकांना मारतात."

"आम्ल म्हणजे?"

"आंबट रे, आंबट!"

रविवारी मुलगी बघायला गेला. कैरीचं पन्हं आलं. नरहरीने मुलीच्या वडिलांच्या पेल्यात मूठभर सोडा टाकला. फेस थेट मिशीपर्यंत. स्थळ गेलं.

मॅडम म्हणाल्या, "मूठभर? आम्लात सोड्याचं पाणी थेंब थेंब टाकावं. आत घातलेल्या दर्शकाचा रंग गुलाबी झाला की थांबावं. पुढे एक थेंब नाही."

दुसऱ्या घरी मुलीचे मामा म्हणाले, "विचारा की हिला काही."

"नाव?"

"मृणाल."

"मी बरा वाटतो का?"

मुलीचे गाल गुलाबी झाले. नरहरी ताडकन उठला. चपला घातल्या, घरी निघाला. आई वाटभर विचारत होती, "अरे मेल्या, झालं काय?" हा म्हणे, "रंग गुलाबी झाला." पुढे एक शब्द नाही. तेही स्थळ गेलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "रंग बदलला म्हणजे संपलं का? पुढे मीठ तयार होतं. दोघांतला जोरदार कोण ते बघ. आम्ल जोरदार, तर मिठाचं पाणी आंबट. अल्कली, म्हणजे सोड्याच्या जातीचं, जोरदार, तर उलटं. दोघं सारखेच जोरदार असले तरच पाणी उदासीन, शांत. लिटमसचा कागद लावून बघ, आंबट असेल तर निळ्याचा लाल होतो, उलट असेल तर लालाचा निळा."

तिसरं स्थळ फार चांगलं होतं. मुलीला नरहरी आवडलाही होता. आईने वाटेत बजावलं, "हे मोडलंस तर मी काशीला जाईन."

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग, मुलगी पसंत?"

"थांबा. आधी सासूबाईंनी जीभ काढावी."

बाई इतक्या चकित झाल्या, की जीभ खरंच बाहेर आली. नुकतंच लिंबू सरबत प्यायल्या होत्या. नरहरीने खिशातला निळा कागद जिभेला लावला, तो लालभडक.

"बाप रे, जोरदार!" नरहरी म्हणाला. मग त्याने स्वतःची जीभ तपासली. निळा कागद निळाच, लाल कागद लालच. "मी अगदीच मिळमिळीत. आमचा संसार आंबट होणार."

"नरू, गप बस!" आई किंचाळली. तिच्या गालात तंबाखू-चुना होता. तोंड उघडलेलं बघून नरहरीने तिथेही लाल कागद लावला. निळाशार!

नरहरीचा चेहरा उजळला. त्याने दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले.

"दोघी सारख्याच जोरदार. आता भटजी बोलवा. लग्न यांचंच लावू. शांत संसार होईल."