टिल्लीची शेंग आणि ओढ्याकाठची खिचडी

ओढ्याकाठी आंब्याचं झाड. झाडावर राहायची टिल्ली खार. अंग एवढंसं. शेपूट झुबकेदार. आवाज मात्र खणखणीत.

एकदा झाडाखाली माणसं आली. त्यांनी तंबू ठोकला. ठक ठक ठक.

सुगंधामावशी म्हणाली, "आज इथंच राहायचं, इथंच रांधायचं. सोपं जेवण. एक पातेलं, एक खिचडी. पण अंगतपंगत आहे हं. जो काही आणेल, त्याला पान."

मावशीनं आणले डाळ-तांदूळ. भिकूमामानं आणले बटाटे. निलूताईनं आणले कांदे. पम्यादादानं आणली जांभई.

टिल्लीकडे होती एक शेंग. शेंगेत दोन दाणे. टिल्लीनं शेंग दगडावर ठेवली. ओढ्याचं पाणी प्यायली. लप लप लप. वळून बघते तर काय? शेंग नाही.

मावशीनं शेंग फोडली होती. कट्. दाणे पातेल्यात टाकले होते. डुबुक डुबुक.

"मावशी मावशी, माझी शेंग द्या."

"शेंग गेली खिचडीत. खिचडी शिजली की देईन."

"मग शिजवा."

"शिजवीन की. पण मामा चूल पेटवेल, तर मी खिचडी शिजवीन. तोवर बसते."

आणि मावशी बसली.

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

मामा तीन दगड मांडून बसला होता. मिशीला पीळ देत होता.

"मामा मामा, चूल पेटवा.
मामा चूल पेटवेना,
मावशी खिचडी शिजवेना,
माझी शेंग मला मिळेना."

"पेटवीन की. पण ताई लाकडं देईल, तर मी चूल पेटवीन. तोवर बसतो."

आणि मामानं मिशीची दुसरी बाजू धरली.

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

ताई लाकडांच्या मोळीवरच बसली होती. पाय हलवत होती.

"ताई ताई, लाकडं दे.
ताई लाकडं देईना,
मामा चूल पेटवेना,
मावशी खिचडी शिजवेना,
माझी शेंग मला मिळेना."

"देईन की. पण मग मी बसू कुठं? खाली मुंग्या आहेत. दादा सतरंजी देईल, तर मी लाकडं देईन. तोवर बसते."

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

दादा तंबूत होता. सतरंजी गुंडाळून झोपला होता. बाहेर फक्त नाक. घुर्र घुर्र.

"दादा दादा, सतरंजी सोड.
दादा सतरंजी सोडेना,
ताई लाकडं देईना,
मामा चूल पेटवेना,
मावशी खिचडी शिजवेना,
माझी शेंग मला मिळेना."

नाकाखालून आवाज आला, "सोडीन की. पण पोटात कावळे ओरडतायत. मावशी खिचडी वाढेल, तर मी सतरंजी सोडीन. तोवर झोपतो."

घुर्र घुर्र.

टिल्लीनं बाहेर येऊन पाहिलं. मावशीचं बोट मामाकडे. मामाचं बोट ताईकडे. ताईचं बोट तंबूकडे. सगळे आपले बसलेले. आणि शेंग कुणाची गेली? टिल्लीची.

टिल्लीला आला राग. शेपूट झालं ताठ. शेपटाकडे बघून टिल्लीला आलं हसू.

ती परत तंबूत शिरली. अगदी हळू. तुरु... तुरु... तुरु...

शेपूट घातलं दादाच्या नाकात. गुदगुद गुदगुद.

आ... आ... आक्‌छी!

दादा उडाला. सतरंजी उडाली. फर्रर्र.

दादानं सतरंजी सोडली.
ताईनं ती झेलली, पसरली, लाकडं दिली.
मामानं चूल पेटवली. फू फू फू.
मावशीनं खिचडी शिजवली. रटरट रटरट.

मावशीनं पळसाची पानं मांडली. एक मावशीचं. एक मामाचं. एक ताईचं. एक दादाचं.

"आणि माझं पान?" टिल्ली म्हणाली.

"खारीला कसलं पान गं? शेंग ती केवढीशी."

"केवढीशी का असेना, आणली मी. जो काही आणेल, त्याला पान. असं कोण म्हणालं होतं?"

मामा मिशीतल्या मिशीत हसला. "सापडलीस गं सुगंधा."

"आणि दादानं काय आणलं?" टिल्लीनं विचारलं.

"जांभई," ताई म्हणाली.

मावशीनं दादाचं पान उचललं. टिल्लीपुढं मांडलं.

"मग मी कशात खाऊ?" दादाचं तोंड एवढंसं झालं.

"ओढ्याचं पाणी आण," टिल्ली म्हणाली. "जो काही आणेल, त्याला पान."

दादा कळशी घेऊन पळाला. धप धप धप. पाणी घेऊन आला. डचमळ डचमळ. मग त्यालाही पान मिळालं.

मावशीनं खिचडी वाढली. गरम गरम. वाफ निघाली. डावात सापडला एक दाणा. तो गेला टिल्लीच्या पानात.

"आणि दुसरा?"

मामानं पान बघितलं. नाही. ताईनं पान बघितलं. नाही. मावशीनं पातेलं बघितलं. नाही.

दादा मात्र बटाटा झाकून बसला होता.

"दादा दादा, बटाट्याखाली काय?"

"कुठं काय? काही नाही."

टिल्लीनं शेपूट ताठ केलं. हळूच हलवलं. गुदगुद गुदगुद.

दादानं एका हातानं नाक धरलं. दुसऱ्या हातानं दाणा पुढं केला.

"देतो बाई, देतो."

एक दाणा या गालात. एक दाणा त्या गालात. कुडुम कुडुम.

शेंग गेली पोटात,
गोष्ट आली ओठात.