नागोशेटच्या मांडवातली सनई

हळदीच्या व्यापारावर भरभराटलेलं एक बाजारगाव होतं. तिथे नागोशेट नावाचा व्यापारी राहत असे. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न ठरलं, की नवरानवरीच्या अंगाला नागोशेटच्याच दुकानची हळद लागायची. माणूस सरळ होता. मापात पाप करत नसे, दिला शब्द मोडत नसे. आणि हळकुंड मोडून आतला रंग स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पोतंही दुकानात घेत नसे.

फक्त गाण्याबजावण्याच्या बाबतीत त्याची तऱ्हा वेगळी होती. कुठे नवी चाल वाजली, कुणी नवं गाणं गुणगुणलं, की शेट हात झटकून मोकळा. "छे! गाणी आमच्या वेळेला होती. आता नुसता गलबला." आजूबाजूचे लोक माना डोलवत. शेटच्या दुकानात बसून शेटच्या मताला नाही कोण म्हणणार?

नागोशेटला एकच मुलगी, गिरिजा, तीही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. तिचं लग्न ठरलं. मांडव पडायच्या आधीच गावचा सनईवाला मल्हारी दारात येऊन उभा राहिला. गावातल्या प्रत्येक लग्नात वाजवण्याचा मान त्याच्या घराकडे पिढीजात होता. मल्हारी तरुण होता. जत्रेत, बाजारात, फिरत्या मंडळींकडून नव्या चाली उचलायचा आणि त्यांत आपली भर घालून वाजवायचा. गावातली पोरंसोरं, पाण्याला जाणाऱ्या बाया, सगळ्यांच्या ओठांवर त्याच्या चाली असत.

तो हात जोडून म्हणाला, "शेट, ताईच्या लग्नासाठी एक नवीन चाल बांधलीय."

नागोशेट म्हणाला, "ती तुझ्याजवळच ठेव. माझ्या मांडवात पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजवणं मला नको. मी लिंबाजीबुवांना आणतोय."

मल्हारी आल्या पावली परत फिरला. घरी गेला आणि सनई खुंटीला टांगून बसला. गावात मांडव पडलाय आणि गावचा सनईवाला घरी बसलाय, असं आजवर घडलं नव्हतं. त्याचा सोबती संबळवाला तर म्हणाला, "चल, दुसरं गाव बघू. इथे आपला मान संपला."

गिरिजाला हे कळलं तेव्हा ती बापाजवळ येऊन बसली. "आप्पा, मल्हारीदादा फार गोड वाजवतो हो. माझ्या लग्नात त्याची सनई हवी."

"तू लहान आहेस. तुझ्या आजोळी माझं लग्न झालं, तेव्हा लिंबाजीबुवा वाजवायला होते. सनई नव्हती ती, मध होता मध! तू एकदा ऐक. मग मल्हारीचं नावसुद्धा काढणार नाहीस."

गिरिजा उठून आत गेली. लग्नघर होतं, पण तिचं गुणगुणणं बंद झालं. नागोशेटच्या ते लक्षात आलं. तरी त्याला वाटलं, लिंबाजीबुवांची सनई कानावर पडली की रुसवा आपोआप जाईल.

लिंबाजीबुवा राहायचे डोंगरापलीकडे. शेटने त्यांच्यासाठी गादी घातलेली बैलगाडी पाठवली. बुवा आले. भुवया पांढऱ्या झालेल्या, कमरेत थोडे वाकलेले, पण छातीचा भाता शाबूत. सोबत संबळवाला आणि सूर धरणारा, तेही त्यांच्याच वयाचे. शेटने स्वतः पाय धुवायला पाणी दिलं. म्हणाला, "बुवा, माझ्या लग्नात वाजवलंत तेच वाजवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जराही फरक नको."

बुवा हसले. "आठवतं तेवढं सगळं वाजवतो, शेट."

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात पाहुणे जमले. नागोशेट पुढच्या बैठकीवर मांडी घालून बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले. सनई सुरू झाली.

पहिली चाल बरी होती. दुसरीही बरी होती. तिसरी लांबत गेली. चौथी सुरू झाली तेव्हा शेटला वाटलं, ही तर दुसरीसारखीच आहे. पाचवीला त्याने एक डोळा उघडून पाहिलं. दोन पाहुणे पानाचा डबा मध्ये घेऊन कापसाच्या भावाचं बोलत होते. एक मावशी खांबाला टेकून पेंगत होती. मुलं तर केव्हाच मांडवाबाहेर पळाली होती. शेटने पुन्हा डोळे मिटले आणि मधाची वाट बघत बसला. मध काही येईना.

शेवटी न राहवून तो म्हणाला, "बुवा, हे कसलं वाजवताय? ते त्या वेळचं वाजवा ना!"

लिंबाजीबुवांनी सनई खाली घेतली. "त्या वेळचंच वाजवतोय, शेट."

"मग तुमचा दम गेला असेल. तेव्हाची गोडी नाही यात."

मांडवातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. म्हाताऱ्या माणसाला भरल्या मांडवात असं कुणी बोलत नाही. बुवांनी सनई फडक्याने पुसली, मांडीवर ठेवली आणि खाली मान घालून बसून राहिले. तेवढ्यात नागोशेटची बायको भागीरथी दारात आली आणि म्हणाली, "अहो, जरा आत येता का?"

कोठीघरात गुळाच्या ढेपा आणि लाडवांच्या पाट्या रचलेल्या होत्या. भागीरथीने दार लोटून घेतलं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"काय ऐकलं होतंत आपल्या लग्नात?"

"म्हणजे? बुवांची सनई ऐकली."

"कुठली चाल?"

"ती... अंतरपाट बाजूला झाला तेव्हाची." शेटचा चेहरा एकदम मऊ झाला. "अंगावर काटा आला होता माझ्या."

"ती एक झाली. आणखी?"

नागोशेटने खूप आठवून पाहिलं. दुसरी एकही चाल त्याला आठवेना.

भागीरथी हसली. "अंतरपाट बाजूला झाला तेव्हा समोर मी होते. काटा सनईने आला, की आणखी कशाने, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मला त्या दिवसाचं दुसरंही काही आठवतं. मामंजी भरल्या ताटावरून उठले होते. म्हणाले, 'हे कसलं वाजवणं? तमाशातल्या चाली लग्नात! आमच्या लग्नात वाजलं ते वाजवणं. या लिंबाजीला कुणी बोलावलं?' मानाची शाल द्यायलाही तयार नव्हते. तेव्हा कोण भांडलं होतं त्यांच्याशी?"

नागोशेटने नजर खाली वळवली. मग हळूच म्हणाला, "मी."

"डोक्याला मुंडावळ्या बांधलेल्या, आणि बापाशी भांडताय! म्हणत होतात, 'बाबा, आधी ऐका तरी!' मी मान खाली घालून बसले होते, पण हसू आवरत नव्हतं मला."

शेटला ते सगळं आठवलं. बापाचा लाल झालेला चेहरा आठवला. आपलाच चढलेला आवाज आठवला. लिंबाजी तेव्हा मल्हारीच्याच वयाचा होता आणि त्याच्या चाली गावोगाव पोरंसोरं गात फिरत होती. इतकी वर्षं यातलं काहीच कसं आठवलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. तो गुळाच्या ढेपेवर टेकला. आधी त्याला लाज वाटली. मग बापाचं ते ताटावरून उठणं पुन्हा डोळ्यांपुढे आलं आणि तो खो खो हसत सुटला. भागीरथीही हसली.

मग ती म्हणाली, "हळकुंड मोडून बघितल्याशिवाय घेत नाही तुम्ही. मल्हारीची सनई कधी कान देऊन ऐकलीत?"

"नाही ऐकली," नागोशेट म्हणाला.

चूक कळणं सोपं होतं. पुढचं काम अवघड होतं. मांडवात सारे सोयरे बसले होते. ज्याला भरल्या मांडवात बोललो त्याची क्षमाही भरल्या मांडवातच मागायला हवी, हे शेटला कळत होतं. तो बाहेर आला आणि लिंबाजीबुवांपुढे हात जोडून उभा राहिला.

"बुवा, तुमचा दम शाबूत आहे. दोष माझ्याच कानांचा. चुकलो."

बुवांनी वर पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तुमचीही सगळी चूक नाही, शेट. तरुणपणी मी शेकड्याने चाली वाजवल्या. त्यांतल्या बऱ्याचशा अशाच होत्या. लोक विसरले, बरं झालं. चार-पाच चांगल्या होत्या, त्या राहिल्या. त्यांच्यावरच माझं नाव झालं. तुम्ही म्हणालात सगळं वाजवा, म्हणून आज सगळं वाजवलं. खरं सांगू? काही चाली वाजवताना माझीच मला लाज वाटत होती."

मांडवात हशा पिकला. पेंगणारी मावशीसुद्धा जागी झाली.

नागोशेटने चपला घातल्या आणि एकटाच मल्हारीच्या घरी गेला. मल्हारी ओट्यावर बसला होता. पोराची मोडकी भिंगरी दुरुस्त करत होता. शेटला बघून उभा राहिला, पण "या" म्हणाला नाही.

"मल्हारी, उद्या गिरिजाचं लग्न आहे. मान तुझा आहे. वाजवायला ये."

"पत्र्यावर खडे पाडायला?"

"तसं बोललो, ते न ऐकता बोललो. माझं चुकलं."

मल्हारीने हातातली भिंगरी ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "येतो. ताईचं लग्न आहे म्हणून येतो. पण तुम्ही पुढे बसायचं. नावडलं तर नावडलं म्हणा, मला राग नाही. पण ऐकून म्हणा."

"बसेन," शेट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मांडवात दोन सनया बसल्या. एका बाजूला लिंबाजीबुवा, दुसऱ्या बाजूला मल्हारी. बुवांनी आपल्या निवडक चालींतली एक वाजवली. सगळ्या मांडवाने मान डोलावली. मग मल्हारीने सनई उचलली. नागोशेट दिलेल्या शब्दाप्रमाणे पुढे बसला होता.

मल्हारीची पहिली चाल त्याला आवडली नाही. फार घाईची वाटली. दुसरी तर त्याहून नाही. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "ही नको रे बाबा!" मल्हारी हसून म्हणाला, "ही मलाही तेवढी जमलेली नाही, शेट."

मुहूर्ताची वेळ आली. मंगलाष्टका संपल्या आणि अंतरपाट बाजूला झाला. मल्हारीने गिरिजासाठी बांधलेली चाल धरली. ती हळू सुरू झाली, ओढ्याच्या पाण्यासारखी वळत गेली, आणि मध्येच एका ठिकाणी अशी थांबली की ऐकणाऱ्याचा श्वासही थांबावा. नागोशेटला अशी थांबणारी चाल ठाऊक नव्हती. त्याने गिरिजाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. समोर नवरामुलगा तिच्याकडेच बघत होता. चाल पुन्हा फिरून त्या थांब्यापाशी आली तेव्हा शेट स्वतःच त्या थांब्याची वाट बघत होता. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याचा अंगठा धोतराखाली ताल धरून हलत होता. भागीरथीने ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

जेवणाच्या पंगती बसल्या. नवऱ्यामुलाकडची तरुण मंडळी मल्हारीला सोडून लिंबाजीबुवांभोवती गोळा झाली. "बाबा, ती सकाळची पहिली वाजवा ना. अशी आम्ही कधी ऐकलीच नव्हती!" बुवांनी ती तीनदा वाजवली. म्हाताऱ्याच्या गालांवर तरुणपणाचा रंग चढला.

संध्याकाळी वरात निघाली. गिरिजा आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या पाया पडली. शेटने तिला उठवलं आणि कानात सांगितलं, "तुझ्या मल्हारीदादाची सनई छान आहे हो." ती रडता रडता हसली. गाड्या वेशीबाहेर गेल्या.

पोरीला वाटेला लावून नागोशेट मांडवात परतला. पत्रावळी उचलल्या जात होत्या, अक्षता पायाखाली येत होत्या. लेकीच्या जाण्याने त्याचं मन भरून आलं होतं, पण आत कुठे तरी शांत वाटत होतं. एका कोपऱ्यात लिंबाजीबुवा आणि मल्हारी अजून बसलेले होते. बुवांना निघायची घाई नव्हती.

बुवा म्हणत होते, "ती मुहूर्ताची चाल पुन्हा वाजव बघू. मधला तो थांबा माझ्या बोटांना येतो का, बघतो."

मल्हारी सनई वाजवू लागला. बुवांनी डोळे बारीक करून त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग आपली सनई ओठांना लावली. पहिल्यांदा थांबा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. म्हातारा स्वतःवरच हसला आणि पुन्हा सुरू झाला.

शेटला स्वयंपाक्यांशी बोलायचं होतं, पाहुण्यांची निजायची सोय बघायची होती. ते सगळं भागीरथीवर टाकून त्याने एक सतरंजी ओढली आणि त्या दोघांजवळ जाऊन बसला.

तात्पर्य: जुन्यातलं वाईट ते काळ विसरायला लावतो आणि चांगलं तेवढं जपून ठेवतो. नव्यातलं चांगलं मात्र आपलं आपल्यालाच कान देऊन निवडावं लागतं.