नळी येईपर्यंत

“माझ्या मीटरला कुणी हात लावला?”

डॉ. हेमांगी शिंत्रेने ऑपरेशन थिएटरच्या दारातून विचारलं. आत नार्वेकर सर हातमोजे उतरवत होते. सिस्टर रेमेत बारदेस्कर ट्रे आवरत होती.

“कुणीच नाही,” सर म्हणाले. “का गं?”

आत येऊन तिने हवा मोजायच्या त्या मीटरवरचा आकडा पुन्हा वाचला.

बुधवारी आकडा आभाळाला टेकेल, असं तिने गृहीत धरलं होतं. बुधवार सरांचा. सर सत्तरीचे, थिएटर त्यांच्याहून थोडंच तरुण, आणि धूर ओढून घेणारं यंत्र इथे कधी आलेलंच नव्हतं. तरी हवेतल्या कणांचा आकडा निघाला अडतीस. तिच्या स्वतःच्या गुरुवारी, त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी, तो चारशेवर गेला होता.

म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं होतं.

हेमांगी सहा वर्षं स्कॉटलंडमध्ये शिकून चार महिन्यांपूर्वी घाटमाथ्यावरच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात आली होती. बॅगेत कपड्यांपेक्षा मतं जास्त आणलीत, असं मेट्रन म्हणायची. त्यातलं सगळ्यात ठाम मत धुराविषयी होतं. विजेच्या कॉटरीने मांस कापलं, रक्तवाहिनी डागली, की धूर उठतो. त्यात विषारी वायू असतात, डोळ्यांना न दिसणारे कण असतात, कधी विषाणूही. तोंडावरचा साधा मास्क त्यातलं फारसं अडवत नाही. पेशंट दोन तासांत बाहेर जातो. सिस्टर मात्र वर्षानुवर्षं तिथेच उभी असते.

आणि इथली सिस्टर खोकत होती.

रेमेत बावीस वर्षं थिएटरला होती. हल्ली जिना चढताना तिला दम लागायचा. थिएटरमधून मोकळं करा, असा अर्ज तिने मेट्रनकडे दिल्याची कुजबुज होती. हेमांगीने तो अर्ज पाहिला नव्हता. पाहायची गरजही तिला वाटली नव्हती. आपण परत आलो ते याच फुफ्फुसांसाठी, असं तिला मनापासून वाटत होतं. ट्रस्टींना द्यायच्या पत्रात तिने तो अर्ज सरांमुळेच आला, असं लिहूनही टाकलं.

पुढच्या बुधवारी तिने मीटर चिकटपट्टीने स्टँडला बांधला. आकडा एकेचाळीस.

सर सोपी ऑपरेशनं निवडत असतील, असं तिला वाटलं. तिने रजिस्टर काढून पाहिलं. हर्निया, स्तनातल्या गाठी, थायरॉइड. तिची होती तशीच.

मग रेमेत मधेच येऊन मीटर कशाने तरी झाकत असेल... तिसऱ्या बुधवारी ती स्वतःच कोपऱ्यात स्टुलावर बसली. डोळे मीटरवर. सरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कामाला लागले.

आकडा काही हलला नाही. पण तिला दुसरंच दिसलं. सर कॉटरी उचलायचे आणि थांबायचे. हात हवेत तसाच. मग बटण. पुन्हा उचलायचे... पुन्हा थांबायचे.

तिने वहीत लिहिलं: हात अडखळतो. निवृत्तीचा विचार व्हावा.

काय लिहिलंस, असं सरांनी हात धुताना विचारलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. तिने सगळं सांगून टाकलं: मीटरचा संशय, न आलेलं यंत्र, सिस्टरचा खोकला, आणि शेवटी त्यांचा हात. रेमेत पाठमोरी उभी होती. ट्रेमधला आवाज बंद झाला.

सर चिडले नाहीत. त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला.

“पुढच्या बुधवारी नळी तू धर,” एवढंच ते म्हणाले.

नळी म्हणजे सक्शनची. रक्त ओढते, आणि जवळ धरली तर थोडाफार धूरही. सरांनी तिला फिल्टर लावून तिची हवा भिंतीपलीकडे सोडायची सोय फार पूर्वी करून घेतली होती. स्कॉटलंडमध्ये हेमांगीने नळी धरली होती ती पहिल्या वर्षी. म्हाताऱ्याला मला माझी जागा दाखवायचीय, हे तिने ओळखलं. तरी ती हो म्हणाली. टेबलापाशी उभं राहिलं की लबाडी जवळून दिसेल.

बुधवारी हर्नियाचं ऑपरेशन होतं. सरांनी कॉटरी उचलली.

थांबले.

हेमांगी वाट पाहत राहिली. सरही वाट पाहत राहिले. जखमेत एक बारीकशी रक्तवाहिनी पाझरायला लागली. सरांनी दुसऱ्या हाताने तिच्यावर गॉज दाबून धरलं. कॉटरी हवेत तशीच.

“सर... काही झालंय का?”

त्यांची नजर तिच्या हाताकडे होती. नळीचं तोंड वीतभर लांब होतं.

तिने ते पुढे नेलं. आणखी पुढे. दोन बोटांचं अंतर राहिलं.

सरांनी गॉज उचललं आणि बटण दाबलं. धूर वर आलाच नाही. दोऱ्यासारखा सरळ नळीत ओढला गेला.

पुन्हा उचलली कॉटरी. पुन्हा थांबले... नळी आली, मग बटण. जिथे चाकूने भागत होतं तिथे त्यांनी चाकू घेतला. जिथे गाठ मारून रक्त थांबत होतं तिथे गाठ मारली. पाऊण तासात हेमांगीचं मनगट भरून आलं. एकदा ती उशिरा पोचली, एकदा चुकून दुसरीकडेच पाहत राहिली. सर दोन्ही वेळा गॉज दाबून उभे राहिले.

मीटरकडे पाहायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

हात धुताना ती हळूच म्हणाली, “मला वाटलं होतं, तुमचा हात अडखळतो.”

“अडखळतोच,” सर म्हणाले.

पाणी वाहत राहिलं. तिला एक प्रश्न विचारायचा होता आणि त्याचं उत्तर नको होतं.

“माझ्या गुरुवारी नळी कोण धरतं?”

“मी, मॅडम,” मागून रेमेत म्हणाली. “डाव्या हातानं. उजव्यानं तुम्हाला हत्यारं देते.” ती खोकली. “तुमचा हात फार चपळ आहे हो. मी नळी घेऊन पोचेपर्यंत तुमचं डागून झालेलं असतं. मग उरलेला धूर आपला मी घेते.”

“आणि तुमचा अर्ज...”

“गुरुवारचा आहे. गुरुवार तेवढा सोडवा म्हटलंय. बुधवारबद्दल कोण बोललं?”

हेमांगीने नळ बंद केला. ती सरांकडे वळली. यंत्र तरी हवंच ना, असं तिने विचारलं, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

“हवंच,” सर म्हणाले. “फार पूर्वी मी भांडायला हवं होतं. तू पत्र लिही, पहिली सही माझी. पण त्यालाही नळीच असते, हेमांगी. तीही कुणालातरी धरावी लागते.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार. हेमांगी सातलाच दवाखान्यात आली. रात्रभर विचार करून तिचा निश्चय झाला होता, आणि निश्चय झाला की तिच्याने दम धरवत नसे. आधी ती तडक मेट्रनकडे गेली. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत नियम लिहून तो हात धुण्याच्या बेसिनवर चिकटवला: नळी जखमेपाशी आल्याशिवाय कुणीही बटण दाबणार नाही. खाली आपली सही केली.

वॉर्डाच्या फेरीआधी सर हात धुवायला आले. चष्मा वर करून त्यांनी कागद वाचला.

“आजपासून, सर,” ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “नळी येईपर्यंत मी थांबणार. एकदाही चुकणार नाही. चाकूने जेवढं होईल तेवढं चाकूनेच. मेट्रनला सांगून आलेय, रेमेत सिस्टरचा अर्ज रद्द करा. त्या आता गुरुवारीही थिएटरलाच राहतील.”

सरांनी नळ सोडला. साबण घेतला. कोपरापर्यंत एक हात घासून झाला... मग दुसरा.

“आणि रेमेत काय म्हणाली?”