साळूताईची मोजणी

डोंगराच्या उतारावर एक दाट जंगल होते आणि त्या जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, बरं का मुलांनो! स्वभावाने अगदी न्यायी, पण भारी भित्री. जरा कुठे खुट्ट झाले की हिचे काटे ताठ उभे. पावसाळा सरला की सारे प्राणी मिळून जंगलातली कामे करीत. पण कोणते काम आधी, यावर असा कालवा होई की ज्याचा आवाज मोठा त्याचेच काम पहिले ठरे. शेवटी साळूने एक तोड काढली. प्रत्येक कामापुढे सागरगोटे मांडायचे. जितक्यांचे भले, तितके ठेवायचे. जितके कष्ट, तितके उचलायचे. ज्यापुढे जास्त उरतील, ते काम आधी. सर्वांनी माना डोलावल्या.

त्या वर्षी रानडुकराला लोळायला चिखलाचा खड्डा हवा होता, वानरांना करवंदीच्या जाळीतून वाट हवी होती. गवतात घरटे करणारी लावरी म्हणाली, "जंगलाकडेच्या माळावरचं गवत उपटून एक पट्टा मोकळा करू या. म्हणजे वणवा आला तरी पुढे सरकणार नाही."

रानडुक्कर खो खो हसले. "अगं, हिरवंगार गवत ते! दव निथळतंय त्यातून. पेटणार कसं?"

गवत हिरवे असेतो पट्ट्याने भले थोड्यांचेच, आणि काम तर कंबरडे मोडणारे. साळूने प्रामाणिकपणे मोजले. डुकराचा खड्डा एकट्याच्याच भल्याचा, म्हणून मागे पडला; आणि लावरीच्या कामापुढे तर जेमतेम एक सागरगोटा उरला. लावरीने निमूटपणे मान्य केले.

मग एकेक काम होत गेले. एक संपले की दुसरे किरकोळ काम येई आणि कष्ट कमी म्हणून पुढे जाऊन बसे. लावरीचे काम आपले शेवटी ते शेवटीच. थंडी सरली, पळस फुलला. एका संध्याकाळी माळावरून जाताना साळूच्या पायाखाली गवत कडकड मोडले. ती दचकून जागीच थांबली. सगळा माळ वाळून पिवळा पडला होता. तिथेच लावरी अंड्यांवर बसली होती.

"ताई, पिल्लं अजून बाहेर यायचीत," ती म्हणाली. "माझं काम तेवढं पुन्हा एकदा मोजता का?"

"आजच मोजते गं," साळूने शब्द दिला.

बैठक भरली. साळूला पाहताच रानडुक्कर म्हणाले, "काय साळूताई, आज काटे का फुललेत? कोण चावलं?"

"नाही म्हणजे... ते लावरीचं काम... पुन्हा मोजावं म्हणत होते."

"वा! माझा खड्डा मागे पडला तेव्हा म्हणालात, मोजलं ते मोजलं. लावरी तुमची मावसबहीण लागते वाटतं?"

सारे हसले. आपल्याला कोणी पक्षपाती म्हणावे, या कल्पनेनेच साळूला घाम फुटला. "बरं, पुढच्या बैठकीत बघू," ती पुटपुटली. त्या दिवशी मोराच्या नाचायच्या जागेवरचे खडे वेचायचे ठरले.

पण वणवा काही बैठकीसाठी थांबत नाही. दुसऱ्याच दुपारी तो माळ चाटत आला. सगळे प्राणी ओढ्यापलीकडे पळाले, म्हणून जिवानिशी वाचले. लावरी मात्र पंख होरपळेपर्यंत अंड्यांवरून उठली नाही. उठली, ती एकटीच.

आग विझली तेव्हा माळ काळाठिक्कर पडला होता. लावरी राखेतून घरट्याची जागा शोधत फिरत होती. रानडुक्कर खाली मान घालून म्हणाले, "चला, आता आधी लावरीचा पट्टा करू." कोणी हलले नाही. उपटायला गवतच कुठे उरले होते!

साळू भीत भीत लावरीजवळ गेली. तिला वाटले, ही आपल्याला बोल लावील, चार शब्द सुनावील. सुनावले असते तर बरे झाले असते. लावरी एवढेच म्हणाली, "तुमचं मोजणं खोटं नव्हतं हो, ताई," आणि पुन्हा राख उकरू लागली.

तात्पर्य : कामाचे मोल ऋतूगणिक बदलते. चारचौघांच्या बोलण्याला भिऊन जो जुन्याच मोजणीला चिकटून राहतो, त्याची मोजणी खरी असूनही निवाडा चुकतो.