मंगल चिमूट आणि चार काटे

कोळंबगडच्या राजेसाहेबांचा चहा पुन्हा बिघडला आणि अख्ख्या गढीवर सुतकी कळा पसरली. राज्य गेलं तेव्हासुद्धा एवढी तोंडं पडली नव्हती म्हणतात. सोमवारी चहा पाणचट, मंगळवारी कडूजहर, बुधवारी बरा, गुरुवारी पुन्हा काढा. डोंगरातून मागवलेली महागाची पत्ती, आणि चव अशी लहरी!

दोष अर्थातच काट्याचा. राजेसाहेब म्हणाले काटा खोटा, म्हणून कारभारी त्र्यंबकरावही म्हणाले काटा खोटा. त्यांनी ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आणला. मग ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा आणला. शेवटी सराफाकडे असतो तसला काचेच्या पेटीतला आणला. त्याच्याजवळ कुणी शिंकलं तरी आकडे पळायला लागायचे. किटलीला पाच ग्रॅम पत्ती, ना कणभर कमी ना जास्त. चहा तरीही रोज निराळा.

आता यातली खरी गोम सांगतो. ती राजेसाहेब सोडून गढीवर सगळ्यांना ठाऊक होती. त्या घराण्याची रीत अशी, की मोजलेली पत्ती किटलीत पडली की धन्याने आपल्या हाताने वर आणखी एक चिमूट घालायची. तिला म्हणायचं मंगल चिमूट. नाव चिमूट, पण घालायची पाची बोटांनी. स्वारी खुशीत असली की हात आखडता, कुठे बिनसलं असलं की अर्धी मूठ. आणि ही चिमूट मोजायची नाही असा दंडक. राजाच्या हाताचं माप काढायचं नसतं म्हणे. म्हणजे खालची पत्ती सोन्यासारखी तोलायची आणि वरून वाटेल तेवढी ओतायची, असं ते शास्त्र. त्यावर चकार शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. त्र्यंबकरावांची तर नव्हतीच, कारण त्यांचा सगळा पगार मान डोलावण्याचाच होता.

काटे आणून आणून त्र्यंबकराव कंटाळले, तेव्हा त्यांनी नवा शोध लावला. काटा खोटा नसेल, तर मोजणारी खोटी. मोजणारी म्हणजे हौसा, चहाच्या कोठीवरची बाई. राजेसाहेबांनी तिला समोर उभं केलं आणि फर्मावलं, की उद्या सकाळी असा काटा निवडून दाखव ज्याने चहा रोज सारखाच होईल. नाही जमलं, तर कोठीमागची खोली रिकामी कर.

त्या खोलीत हौसाची म्हातारी आई अंथरुणाला खिळून होती. तिला घेऊन जायचं तरी कुठे? खरं बोलावं तर राजाच्या हाताला नावं ठेवली म्हणून आजच हकालपट्टी, आणि गप्प बसावं तर उद्या. मोठी सोय होती म्हणायची. मग ती जरा विचार करून उठली आणि वेशीजवळच्या गोदाक्का भाजीवालीचा काटा एका दिवसासाठी मागून आली.

सकाळी राजेसाहेब येऊन बघतात, तर चार पाटांवर चार काटे, भोवती रांगोळी, प्रत्येकाला हळदकुंकू आणि वर एकेक फूल. त्र्यंबकरावांनी हे काय थेर म्हणून विचारलं. हौसा म्हणाली, खंडेनवमीला तलवारींची पूजा होते, मग चहाच्या हत्याराची नको का? सरकारांनी प्रत्येक काट्यावर तीन वेळा मंगल चिमूट घालावी, की काटे पावन झाले. मोजायला नाही हो, पूजेला. पूजा म्हटल्यावर राजेसाहेब खूश. आपल्या हाताने काहीतरी पावन होणार, यावर त्यांचा फार विश्वास होता.

काचेच्या पेटीत पहिली चिमूट पडली. आकडा आला सव्वा ग्रॅम. हौसाने पत्ती बाजूला काढली. दुसरी चिमूट पडली, अर्धा ग्रॅम. तेवढ्यात त्र्यंबकरावांना नको ते आठवलं. शेजारच्या संस्थानातल्या लग्नाला सरकारांची खुर्ची दुसऱ्या रांगेत ठेवली आहे, असं ते सांगून बसले. राजेसाहेबांच्या भुवया चढल्या आणि तिसरी चिमूट पडली. साडेचार ग्रॅम!

सगळे एकदम छताकडे बघायला लागले. त्र्यंबकराव घाईने म्हणाले, की काटा बिघडलाय. पण पुढच्या दोन काट्यांवरही एक चिमूट दुसरीसारखी पडेना. राजेसाहेब आपल्या बोटांकडे बघत राहिले. शेवटी गोदाक्काच्या काट्याची पाळी आली. तो कांदेबटाटे तोलणारा, चिमूटभर पत्तीने त्याला काय होणार? तीन वेळा चिमूट पडली, तीनही वेळा शून्य.

"हा बघा, सरकार! याला म्हणतात काटा," त्र्यंबकरावांचा जीव भांड्यात पडला.

राजेसाहेब हौसाकडे वळले. "तुझी निवड कुठली?"

"कारभारीसाहेब म्हणतात तोच, सरकार," हौसा म्हणाली. "बाकीचे तिघे अचूक आहेत, पण त्यांना दरबारात वागायची रीत नाही. सरकारांचा हात पडला, की लगेच तोंडावर आकडा सांगतात. हा शहाणा आहे. सरकार मूठ घालोत की चिमूट, हा म्हणतो काहीच घातलं नाही. इथे असाच टिकतो."

"आणि याने चहा रोज सारखा होईल?"

"कसा होईल? सारखा चहा हवा असेल, तर तोंडावर बोलणारा काटा ठेवावा लागेल, आणि मंगल चिमूट आधी त्याच्यावर पडावी लागेल. पाच ग्रॅमला जेवढी कमी, तेवढी पत्ती मी वर घालीन. आता सरकारांना चहा हवा की दरबारी, ते सरकारांनीच सांगावं."

राजेसाहेबांनी एकदा शून्य दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं, एकदा त्र्यंबकरावांकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की काचेच्या पेटीतले आकडे नाचायला लागले.

"चहा!" ते डोळे पुसत म्हणाले. "दरबारी एक आहे तेवढा पुरे."

कोठीमागची खोली त्याच दिवशी हौसाच्या आईच्या नावावर झाली आणि काचेच्या पेटीचा काटा कायमचा चहाच्या कोठीत बसला. गोदाक्काला राजेसाहेबांनी नवा काटा घेऊन दिला. तिचा जुना मात्र ठेवून घेतला आणि तो त्र्यंबकरावांच्या टेबलावर मांडायला सांगितला, त्यांना सोबत म्हणून.